कथलाची चौथी खूण

(मुलांनो, कल्पना करा. शनिवारची दुपार आहे आणि धुळ्यातल्या एका गल्लीत तुम्ही पितळी पातेल्यांच्या उतरंडीमागे लपून बसला आहात. समोर जमिनीत खणलेली लहानशी भट्टी आहे. कोळसे धुमसताहेत, नवसागराचा धूर नाकात चुरचुरतोय. भट्टीपाशी भांड्यांना कल्हई करणारे सत्तारनाना बसले आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांची नात महेक, सहावीतली, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून नुकतीच आत आली आहे. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.)

महेक: मग वापरली की नाही ती?

सत्तार: जरा मोठ्यानं बोल, बेटा. भात्याचा आवाज आहे.

महेक: भाता बंद आहे, नाना.

सत्तार: मग बाहेर रिक्षा असेल. काय म्हणत होतीस?

महेक: तुमच्या कथलाच्या डब्यात एक कांडी जास्त होती. तुम्हाला कळलंच नाही ना?

सत्तार: माझ्या डब्यात कांड्या जास्त होत नाहीत. पन्नास वर्षांत कधी झाल्या नाहीत. कमीच होतात.

महेक: या वेळी झाली. मी ठेवली. मागच्या रविवारी तुम्ही नमाजाला गेला होता ना, तेव्हा. मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बघू या नानांना ओळखू येते का. नाही ओळखली तुम्ही. म्हणजे माझी कांडी अस्सल झाली.

सत्तार: झाली म्हणजे? तू केलीस?

महेक: हो. भट्टीत निखारे होते. तुमच्या पळीत वितळवलं आणि लोखंडी पन्हळीत ओतलं. तुम्ही ओतता तसंच, एका धारेत.

सत्तार: भट्टीजवळ एकटी बसलीस. त्याबद्दल नंतर बोलू. आधी सांग, वितळवलं काय?

महेक: कथील. फुकटचं.

सत्तार: कथील फुकट कुठे मिळायला लागलं? मलाही पत्ता दे.

महेक: जळगावला. सुट्टीत अल्तमशमामाकडे गेले होते ना? त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या टीव्हीच्या हिरव्या पट्ट्या येतात. त्याच्यावर बारीक तारा चिकटवलेल्या असतात, चकचकीत थेंबांनी. मामा ते थेंब तापवून काढतो आणि झाडून टाकतो. मी रोज झाडलोट करायचे आणि ते थेंब डबीत भरायचे. मामा म्हणाला, वेड लागलंय हिला.

सत्तार: एवढ्या थेंबांनी कांडी नाही होत.

महेक: नाही झाली. म्हणून इथल्या पंक्चरवाल्याकडून थोडे तुकडे आणले. गाडीच्या चाकाला वजन म्हणून लावतात ते. जुने तो टाकूनच देतो.

सत्तार: आणि हे सगळं कथील आहे, असं तुला कुणी सांगितलं?

महेक: तुम्हीच. तीन खुणा. रंग पांढरा, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ, आणि लोखंड तापायच्या आत वितळतं. मी तिन्ही पाहिल्या. तिन्ही बरोबर आल्या.

सत्तार: हं.

महेक: तुम्हीच म्हणाला होता, कथील महागलंय, तांब्याच्या तिप्पट झालंय, असंच चाललं तर दुकान बंद करावं लागेल. आणि शाळेत आम्हाला धडा आहे. जुना धातू पुन्हा वापरला तर डोंगर खणावा लागत नाही. बाईंनी सांगितलं, घराघरात पडलेला धातू ही देशाची खाणच आहे.

सत्तार: बाईंनी बरोबर सांगितलं. डब्यात बघ, त्या कांडीचा तुकडा उरला असेल. आण इकडे.

महेक: हा घ्या. माझीच आहे, टोकाला वाकडी झाली होती. तुम्ही रागावलात?

सत्तार: अजून नाही. ते कालचं वर्तमानपत्र दे. आता तूच हा तुकडा त्याच्या कोऱ्या कडेवर ओढ. जोरानं.

महेक: रेघ उमटली. पेन्सिलीसारखी.

सत्तार: आता डब्यातली दुसरी कांडी ओढ. माझी.

महेक: काहीच नाही. जेमतेम दिसतंय.

सत्तार: काळी रेघ ओढतं ते शिसं. पेन्सिलीत शिसं नसतं, नाव मात्र शिसपेन्सिल राहिलंय. खरं शिसं यात आहे. टीव्हीतल्या तारा जोडायच्या जुन्या डागात निम्मं कथील आणि उरलेलं बहुतेक शिसं असतं. चाकाचं वजन तर नुसतं शिसंच.

महेक: मग काय झालं? तेही पांढरंच आहे. तेही मऊ आहे.

सत्तार: कथील पोटात गेलं तर जातं तसं निघून येतं. शिसं निघत नाही. थोडं थोडं करून हाडांत बसतं. मोठ्या माणसाला कळत नाही, पण लहान मुलाची वाढ मंदावते, डोकं मंद होतं. आणि भांड्यात आंबट शिजलं की ते कल्हईतून सुटून अन्नात उतरतं. चिंच, ताक, टोमॅटो. म्हणून आमच्या धंद्यात शिसं घरातसुद्धा आणत नाहीत. तू तो तुकडा धरलास, हात धू. साबणानं. दोनदा.

महेक: धुते. नाना, ती कांडी तुम्ही कशाला लावलीत?

सत्तार: तेच आठवतोय. सोमवारी, मंगळवारी लहान भांडी केली, ती जुन्या कांडीनं. गुरुवारी मंजुळाअक्कांची तीन मोठी पातेली. पहिल्या दोन्हींना नेहमीसारखी मेहनत पडली. तिसऱ्याला कथील असं पसरलं, जसं लोणी. फार तापवावंही लागलं नाही. मी मनात म्हटलं, सत्तार, आज हात चांगला चाललाय.

महेक: शिशामुळे?

सत्तार: शिशामुळे. ते लवकर वितळतं. या वयात हात अचानक चांगला चालायला लागला तर माणसानं संशय घ्यायला हवा. मी खूश झालो.

महेक: ती पातेली कुठे आहेत?

सत्तार: काल टेम्पोनं गावी गेली. आज संध्याकाळी त्यांच्या गावात हिलालच्या मुलीची, ज्योतीची, हळद आहे. फोन आण.

महेक: नाना, थांबा ना. आता लगेच कशाला? उद्या जाऊन गुपचूप नवीन कल्हई करून दिली तर? एका दिवसात काय होतंय?

सत्तार: एका जेवणानं कुणी खाटेवर पडणार नाही, ते खरं आहे.

महेक: मग?

सत्तार: जेवायला मुलं असतील ना?

महेक: असतील.

सत्तार: मग लाव फोन. आणि आवाज मोठा ठेव, तुलाही ऐकू येईल असा.

मंजुळाबाई: हा, बोला सत्तारभाऊ. पण लवकर बोला, मना हात बट्टीना पीठमा शेत.

सत्तार: अक्का, काल तीन पातेली पोचली ना? त्यातल्या एकाच्या काठावर रतिलाल असं नाव कोरलंय. त्यात काय शिजतंय?

मंजुळाबाई: त्यामा कढी शे. सकायपासून आठ घरनं ताक गोया करेल शे. काबर विचारतस?

सत्तार: ती कढी उतरवा. कुणाला वाढू नका. चाखूही नका.

मंजुळाबाई: काय जयं?

सत्तार: त्या पातेल्याची कल्हई खोटी झाली आहे. कथलात शिसं गेलंय. माझ्या दुकानात झालं.

मंजुळाबाई: शिसं म्हणजे ते बॅटरीमधलं?

सत्तार: तेच.

मंजुळाबाई: थांबा. आता मी तुमच्याशी बँकेत बोलते तशी बोलते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मंजुळाबाईला समजलं नाही. दीडशे पानं उठणार आहेत. बट्टीचं वरण एकात, वांग्याची भाजी एकात आणि कढी एकात. तीनही भांडी आमच्या बचत गटाची. चौदा बायका रोज तोंडं करतात की स्टीलची आणा, हलकी पडतात, कल्हईची कटकट नको. मी एकटी म्हणते की नाही, पितळ चांगलं, आणि आमचा धुळ्याचा सत्तारभाऊ चांगला. आता मी कोणत्या तोंडानं सांगू?

सत्तार: झालं ते तसंच सांगा.

मंजुळाबाई: कसं झालं ते?

सत्तार: डब्यात चुकीची कांडी होती. मी न पारखता लावली.

महेक: नाना, मी सांगू का...

सत्तार: तू थांब.

मंजुळाबाई: मागे कोण बोलतंय?

सत्तार: माझी नात आहे. अक्का, बाकीच्या दोन पातेल्यांत काही नाही. ती खात्रीनं सांगतो. फक्त रतिलालवालं.

मंजुळाबाई: आणि कढी? म्हशीला घालू?

सत्तार: म्हशीलाही नको. तिचं दूध पुन्हा मुलंच पितात. आहे तशी झाकून ठेवा, मी भांड्यासकट घेऊन जातो. येताना डेअरीतून ताक आणतो आणि आमच्या घरचं स्टीलचं देगचं आणतो. दीड तासात पोचतो.

मंजुळाबाई: डेअरीचं ताक. पाणी असतं नुसतं.

सत्तार: घट्ट बघून आणतो.

मंजुळाबाई: आणि भाऊ, हळदीना घरमा शिसं शिसं करू नका. नवरदेवकडनी माणसं येल शेत. तुम्ही नुसतं देगचं उतरवा, बाकी मी देखस.

सत्तार: बरं.

महेक: ठेवला त्यांनी. नाना, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?

सत्तार: दुकान कुणाचं आहे?

महेक: तुमचं. पण कांडी माझी होती.

सत्तार: कांडी तुझी, हात माझा. आता बस दोन मिनिटं, ताक आणायला जायचंय. हा डबा बघ. यात काय आहे?

महेक: काळा कापूस. तुम्ही कल्हई पुसता तो.

सत्तार: फेकत का नाही मी?

महेक: त्यात कथलाचे मणी अडकलेले असतात. महिन्याला तुम्ही तो जाळून मणी काढता.

सत्तार: आपल्याकडे कथील थोडंच निघतं. बहुतेक सगळं समुद्रापलीकडून येतं. म्हणून माझ्या वडिलांनीसुद्धा कापूस फेकला नाही. तुझ्या बाईंची ती खाण आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे. पण एक बघ, या डब्यात मी फक्त कथलाचा कापूस ठेवतो. ज्या फडक्यानं पितळ घासतो ते यात कधी येत नाही.

महेक: गोळा करणं पुरत नाही.

सत्तार: गोळा तर कुणीही करतं. भंगारवाल्याच्या गाडीवर सगळं एकत्रच येतं. मग कुणीतरी बसून तांबं तांब्यात, पितळ पितळेत, शिसं शिशात टाकतं, तेव्हा कुठे त्याची पुन्हा तार होते, नळ होतो. एकत्र वितळलं की वेगळं करायला मोठा कारखाना लागतो. आपल्या पळीनं नाही होत ते.

महेक: मग माझी कांडी आता कचरा झाली?

सत्तार: कचरा कशाला? पत्ता चुकला तिचा. अल्तमश कशानं तारा चिकटवतो?

महेक: अशाच... म्हणजे याच मिश्रणानं?

सत्तार: जवळपास याच. तेव्हा उरलेला तुकडा कागदात बांध, वर लिही, शिसं आहे, भांड्याला लावू नये. जळगावला पाठवून देऊ. तो ज्या कामातून आला त्याच कामाला लागेल.

महेक: लिहिते. पण नाना, तीन खुणा तर बरोबर आल्या होत्या. मग कथील ओळखायचं कसं? प्रत्येक वेळी कागदावर ओढायचं?

सत्तार: चौथी खूण आहे.

महेक: मग ती का नाही शिकवलीत?

सत्तार: उद्या सांगतो. डेअरी बंद होईल.

*

मंजुळाबाई: हाई घ्या सत्तारभाऊ, तिन्ही पातेली. गिरधरना टेम्पोमा टाकी आणी. काल तुम्ही कढी नेली, ते एक पातेलंही नेत होतात, मीच म्हटलं राहू द्या, सकाळी तिन्ही घेऊन येते.

सत्तार: या अक्का, बसा. तिन्ही कशाला? दोन चांगली आहेत.

मंजुळाबाई: तुम्ही म्हणतात चांगली आहेत. बायका म्हणतात, ज्यानं एक बिघडवलं त्याच्या बोलण्यावर दोन कशी ठेवायची? त्यांचं चुकतं का?

सत्तार: नाही.

मंजुळाबाई: म्हणून माझ्या डोळ्यांसमोर खरवडायची आणि डोळ्यांसमोर लावायची. मी उठणार नाही इथून. जेवणना डबा आणेल शे बरोबर.

महेक: हळद कशी झाली, आजी?

मंजुळाबाई: झाली. कढी पातळ होती. नवरदेवाकडचे म्हणाले, तुमच्याकडे कढीला पाणी फार घालतात वाटतं. ते मला आयुष्यभर ऐकावं लागेल. आणि तू कोण? मागून बोलत होतीस ती?

महेक: महेक. आजी, ती कांडी मी केली होती. नानांनी नाही. मी शिसं वितळवून त्यांच्या डब्यात ठेवली, त्यांना न सांगता.

मंजुळाबाई: हं. मना ध्यानमा कालच आलं होतं. तुझा नाना माझ्याशी तीस वर्षं बोलतोय. 'न पारखता लावली' असले छापील शब्द त्याच्या तोंडात कधी नसतात. म्हटलं, हा कुणाला तरी पाठीशी घालतोय.

सत्तार: अक्का, ते छापील असलं तरी खरं होतं.

मंजुळाबाई: कसं काय? पोरीनं गुपचूप ठेवली, तुम्हाला काय माहीत?

सत्तार: माहीत व्हायला हवं होतं. महेक, डबा आण. काल तू चौथी खूण विचारलीस. यातली एक कांडी घे. दोन्ही हातांत धर, कानाजवळ ने आणि हळूच वाकव. मोडू नकोस, नुसती वाकव.

महेक: अशी?

सत्तार: थोडी आणखी.

महेक: नाना, ही कुरकुरली. आतून. जसं... जसं कुणी दाताखाली साखर चावतंय.

सत्तार: शुद्ध कथील वाकवलं की कुरकुरतं. शिसं मिसळलं की गप्प होतं. माझ्या वडिलांनी मला पहिली हीच खूण शिकवली, बाकीच्या तीन नंतर. कांडी डब्यातून काढली की आधी वाकवायची, ऐकायची, मगच भांड्याला लावायची.

मंजुळाबाई: आण वं इकडे. माझ्या कानाशी वाकव. हा. बोलस खरी.

महेक: मग तुम्ही मला ती शेवटी का...? तुम्ही तर रोज वाकवता. मी पाहिलंय. प्रत्येक कांडी वाकवता.

सत्तार: वाकवतो. हाताला सवय आहे.

महेक: मग माझी गप्प बसली तेव्हा तुम्हाला कळलं नाही?

सत्तार: बेटा, मला सगळ्याच गप्प वाटतात. दोन वर्षं झाली. ट्रकचा हॉर्न येतो ऐकू, अजान येते, तू ओरडलीस तर तू येतेस. ही कुरकुर नाही येत. तुला शिकवली असती तर तू म्हणाली असतीस, नाना, ऐकू आलं का? मग मी काय सांगणार होतो?

मंजुळाबाई: आणि दोन वर्षं आम्हाला सांगितलं नाही.

सत्तार: नाही सांगितलं. बहिऱ्या कल्हईवाल्याकडे भांडं कोण देतं, अक्का?

मंजुळाबाई: मी दिलं असतं. मना भाऊले दिसत नही, तरी तो शिवस. पण त्याची बायको सुई ओवून देते. तुम्ही कुणाला विचारलंच नाही.

सत्तार: खरं आहे.

मंजुळाबाई: आता माझ्या भांड्यांना कुठली कांडी लावणार? मला ऐकवून लावा.

सत्तार: मी नाही ऐकू शकत. ही ऐकेल. महेक, डब्यात सहा कांड्या आहेत. एकेक वाकव. बोलली ती उजवीकडे ठेव.

महेक: ही बोलली. ही पण. ही जरा हळू बोलली, पण बोलली. आजी, तुम्ही ऐका.

मंजुळाबाई: हा, बोलली.

महेक: ही बोलली. ही पण. आणि ही शेवटची...

सत्तार: काय झालं?

महेक: थांबा. पुन्हा वाकवते. नाना, भाता बंद आहे ना?

सत्तार: बंद आहे.

महेक: ही काहीच बोलत नाही.

मंजुळाबाई: दे माझ्याकडे. नही. मुकी शे ही. आणखी एक करून ठेवलीस का गं तू?

महेक: नाही आजी. शपथ. मी एकच केली होती, तिचा तुकडा तो कागदात बांधलाय. आणि माझी वाकडी होती. ही तर सरळ आहे. हिच्यावर व्यापाऱ्याचा शिक्का आहे.

सत्तार: कागदावर ओढ.

महेक: रेघ आली. माझ्याइतकी काळी नाही. पण आली.

मंजुळाबाई: म्हणजे ही विकतची? तुम्ही आणलेली?

सत्तार: नवीन व्यापारी आहे. बरी किंमत लावली म्हणून त्याच्याकडून दहा कांड्यांचं पाकीट घेतलं. पोळ्याच्या आठवड्यात.

महेक: दहा होत्या? इथे यातल्या सहा आहेत.

सत्तार: चार वापरल्या.

महेक: त्या बोलल्या होत्या का?

सत्तार: तुला सांगितलं ना आता. मला कसं कळणार?

मंजुळाबाई: अरे देवा. भाऊ, आणि हे कुणाकुणाच्या भांड्यांना?

सत्तार: भिंतीवर खडूनं लिहिलंय. भांडं आलं की नाव आणि फोन लिहितो, गेलं की पुढे रेघ मारतो. पोळ्यानंतरची नावं ती खालची.

महेक: नऊ आहेत. कमलबाई. बेबाबाई. मदिनाखाला, म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतल्या? त्यांच्याकडे तर लहान बाळ आहे.

सत्तार: चारही खराब असतील असं नाही. दहातली एखादीच असेल. ही एकच निघाली असेल.

महेक: असेल. पण कुठल्या भांड्याला कुठली लागली, ते लिहिलेलं नाही.

सत्तार: नाही.

मंजुळाबाई: सत्तारभाऊ, मी स्पष्ट बोलते. काल एक पातेलं होतं, ते माझ्यापाशी राहिलं. नऊ घरं म्हणजे अख्खं धुळं. उद्या गल्लीत हेच बोलतील की सत्तारचं कथील खोटं.

सत्तार: तेच मी विचार करतोय. एकदम सगळ्यांना घाबरवणंही बरं नाही. उद्या त्या व्यापाऱ्याकडे जातो. त्याला विचारतो माल कुठून आणला. नीट खात्री करू. मग एकेकाला निरोप देऊ, भांडं परत आणा, फुकट करून देतो म्हणून. कारण सांगायची गरज नाही.

महेक: नाना, आज रविवार आहे.

सत्तार: मग?

महेक: रविवारी सगळे घरी असतात. मोठं भांडं रविवारीच निघतं. मदिनाखाला रविवारी खट्टी दाल करतात. वास येतो आपल्याकडे.

सत्तार: एक दिवसानं...

महेक: हेच मी काल म्हणाले होते. तेव्हा तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता.

मंजुळाबाई: काय विचारलं होतं यानं?

महेक: जेवायला मुलं असतील ना, असं.

मंजुळाबाई: मग भाऊ, आता द्या उत्तर.

सत्तार: अक्का, हे पितळ बघा. कितीदा वितळलं असेल. कुणाच्या घरची समई, कुणाच्या नळाची तोटी. त्याला काही वाटत नाही, पुन्हा पातेलं होतं. माणसाचं नाव एकदा गेलं की तसं नाही होत.

मंजुळाबाई: तुमचं नाव माझ्याकडे काल गेलं नाही. म्हणून तर मी स्टीलच्या दुकानात न जाता इथे बसली शे. डबा घेऊन. समजलं?

सत्तार: समजलं.

मंजुळाबाई: तोंडावरून वाटत नही.

सत्तार: मी करतो फोन. महेक, दे इकडे.

महेक: तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. कालही आवाज मोठा ठेवायला लावलात. नाव पण चुकीचं ऐकाल, आणि भांडं पण.

सत्तार: मग तू लाव, मी बोलतो.

महेक: तुम्ही भट्टी पेटवा. मंजुळाआजींची पातेली थांबली आहेत. बोलक्या कांड्या उजवीकडे ठेवल्यात, मुकी मी कागदात बांधलीय. आजी, तुम्ही जरा नंबर वाचता का भिंतीवरचा? वरून.

मंजुळाबाई: वाचते. पण काय बोलशील, ठरवलं का आधी?

महेक: हो. लागला. हॅलो, कमलआजी? मी महेक बोलतेय, सत्तार कल्हईवाल्यांची नात. आज तुमच्या पातेल्यात काय शिजतंय?